पिळदार अक्षर : देवनागरीत जाड स्लॅब डिस्प्ले फॉन्ट कसा घडवावा

पुण्यात कबड्डीच्या स्पर्धेला जा किंवा एखाद्या ढोल-ताशा पथकाच्या सरावाला. टीशर्टच्या पाठीवर इंग्रजी नाव असेल तर ते बहुतेक वेळा जाड, चौकोनी पायांच्या, कोपरे छाटलेल्या अक्षरांत असतं. ते अंगावर चढवलं की खेळाडू खेळाडूसारखा दिसतो. तेच नाव मराठीत असेल तर नेहमीचाच एखादा फॉन्ट घेऊन त्याला बाहेरून काळी किनार दिलेली दिसते. किनारीने अक्षर बळकट होत नाही, सुजतं. त्याच्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि दहा पावलांवरून ‘म’ आहे की ‘भ’ हे कळेनासं होतं.

मराठी अक्षरांना तोच दम आणता येतो. तो कसा आणायचा हे इथे पहिल्या चौकटीच्या कागदापासून जर्सीवरच्या छपाईपर्यंत सांगतो. अक्षरलेखन शिकणारे, फॉन्ट बनवू पाहणारे आणि मंडळाच्या किंवा संघाच्या नावापुरती दहा-बारा अक्षरं काढायची आहेत असे, सगळ्यांना यातलं काही ना काही उपयोगी पडेल. मुख्य म्हणणं आधीच मांडतो. रोमन स्लॅब अक्षरांचे, म्हणजे वर सांगितलेल्या जाड चौकोनी पायांच्या अक्षरांचे, पाय उचलून देवनागरीला चिकटवू नका. देवनागरीचे ठोकळे तिच्याकडे आधीपासून आहेत. शिरोरेषा हा सगळ्यात मोठा ठोकळा. ‘म’, ‘न’, ‘भ’, ‘ग’ यांच्या गाठी हे दुसरे, आणि ‘त’, ‘र’, ‘ट’, ‘द’ यांची टोकं ही तिसरी. काम करायचं ते यांच्यावर.

हे वळण आलं कुठून

थोडा इतिहास हवा, कारण त्यातून आकाराची कारणं कळतात. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सच्या १८१५ सालच्या नमुनापुस्तकात जाड आयताकृती पायांची अक्षरं ‘अँटिक’ या नावाने दिसतात. पुस्तकाच्या मजकुरासाठी ती नव्हती. भिंतीवरच्या जाहिरातींसाठी होती, कारखाने आणि बाजारपेठा वाढत होत्या तेव्हाची. अमेरिकेत डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडी टाइप यंत्रावर कोरायला सुरुवात केली आणि १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची, म्हणजे नमुना लहान-मोठा करून उतरवणाऱ्या यंत्राची, जोड दिली. मग हातभर उंचीची अक्षरं स्वस्तात मिळू लागली. रॉबर्ट बेस्लीचा ‘क्लॅरेंडन’ १८४५ चा. त्यात पाय दांड्याला गोलाईने मिळतात, म्हणून तो जरा सौम्य वाटतो. १९२९ चा ‘मेम्फिस’, १९३० चा ‘सिटी’, १९३४ चा ‘रॉकवेल’ हे भूमितीकडे झुकलेले. ‘सिटी’ तर जवळजवळ चौकोनीच आहे आणि औद्योगिक भाव हवा असेल तर अभ्यासायला तोच घ्यावा.

खेळाच्या कपड्यांवरचं अक्षर यातूनच फुटलेलं. फेल्टच्या कापडातून कातरीने गोल कापणं अवघड, सरळ कापणं सोपं, म्हणून गोलाईच्या जागी छाटलेला कोपरा. लोखंडी पत्र्याला आणि लाकडालाही हेच लागू. हत्यार आणि माल यांनी ठरवलेला आकार आहे हा, म्हणून तो आजही खेळ आणि कारखाना दोन्हीकडे शोभतो.

पायरी पहिली : कुठून वाचलं जाणार ते ठरवा

पेन्सिल उचलण्याआधी अंतर ठरवा. पाट्या करणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे : दर दहा फुटांना एक इंच उंची. तो रोमन कॅपिटल अक्षरांवर बेतलेला आहे. देवनागरीत ही उंची शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून पायापर्यंतची धरा, मात्रा आणि उकार सोडून. आमच्याकडच्या अक्षरांत आतली गुंतागुंत जास्त असते, त्यामुळे थोडं वाढवूनच धरलेलं बरं.

कबड्डीच्या नियमांप्रमाणे जर्सीवरचा क्रमांक पुढे किमान ४ इंच आणि मागे किमान ६ इंच उंच लागतो. वरच्या हिशेबाने ६ इंच म्हणजे ६० फूट. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात बसणारा प्रेक्षक याहून लांब असू शकतो, आणि खेळाडू उभा नसतो, पळत असतो. म्हणजे उंचीवर फार विसंबता येणार नाही. जाडी आणि आतली पांढरी जागा यांचा तोल सांभाळावा लागेल. मंडळाच्या कमानीवरचा फ्लेक्स, कारखान्याच्या गेटवरचा बोर्ड आणि छातीवरचं अर्ध्या इंचाचं नाव या तिन्हींना एकच जाडी चालत नाही. पहिल्या फॉन्टसाठी यातली एकच जागा निवडा. मी इथे पाठीवरचं नाव आणि पाटी धरून चाललो आहे.

पायरी दुसरी : आधी बघा

एक दिवस नुसतं बघण्यात घालवा. पेठांतल्या तालमींच्या पाट्या बघा. पुण्यात तालीम आणि गणपती मंडळ यांचं नातं जुनं आहे, मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचाच. ‘गुरुजी तालीम’ एवढे दोनच शब्द काढायला घेतले तरी उकार, ‘रु’ चं वेगळं रूप, दीर्घ वेलांटी, काना आणि ‘म’ ची गाठ इतकं सगळं एका ओळीत येतं. मग भोसरी एमआयडीसीकडे जा. ओतकामावरची उठावाची अक्षरं बघा : पंपांवर, व्हॉल्व्हवर, रस्त्यातल्या झाकणांवर. खडकी, पिंपरी, चिंचवड स्टेशनांचे पिवळे फलक बघा. ट्रकच्या मागच्या फळ्यांवर रंगाऱ्यांनी काढलेली अक्षरं तर नक्कीच बघा, कारण ब्रशने जाड देवनागरी काढताना कुठे बारीक करायचं हे त्या हातांना नेमकं माहीत असतं.

फोटो काढताना अक्षर समोरून, सरळ घ्या. आणि काळ्याकडे बघू नका, पांढऱ्याकडे बघा. ‘ब’ च्या पोटातली फट कशी ठेवली आहे? ‘ड’ च्या दोन वळणांमध्ये किती जागा सोडली आहे? ‘श्र’ कसा उरकला आहे? वहीत उतरवायचं ते हे.

तयार फॉन्टांमधले दोन-तीन जवळ ठेवावेत. ‘सरपंच’ हा इंडियन टाइप फाउंड्रीचा चौकोनी वळणाचा देवनागरी फॉन्ट आहे, जाड वजनापर्यंत जातो. ‘तेको’ आणि ‘खंड’ त्याच घरचे, अरुंद आणि मथळ्यांसाठीचे. ‘कर्मा’ मधली रोमन अक्षरं स्लॅब आहेत, त्यामुळे तिथे दोन लिप्यांचा मेळ कसा घातला ते बघायला मिळतं. ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेचा ‘मोदक’ अतिशय जाड आहे. त्याचा स्वभाव गोल, आपल्या कामाच्या अगदी उलट, पण इतक्या जाडीत पांढऱ्या रेघा कशा टिकवाव्यात हे त्याच्याइतकं क्वचितच कुणी शिकवेल.

पायरी तिसरी : मापं

चौकटीचा कागद घ्या किंवा थेट सॉफ्टवेअर उघडा. मापं १००० युनिटच्या चौकटीत सांगतो, म्हणजे फॉन्टच्या आकाराचे हजार सारखे भाग धरून.

पायापासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत ६८०. शिरोरेषेची जाडी १३०. उभा दांडा १६०. अक्षराच्या पोटातल्या आडव्या रेघा १०५ ते ११५. पोटातली कोणतीही पांढरी फट ७० पेक्षा कमी नाही.

दांडा १६० आणि शिरोरेषा १३० का, दोन्ही सारखे का नाहीत? आपल्या डोळ्याला सारख्या जाडीच्या दोन रेघांतली आडवी रेघ जास्त जाड दिसते. शिवाय शिरोरेषा एकटी नसते, ती शब्दभर पसरते. दोन्ही १६० ठेवून ‘तालीम’ लिहून बघा. शब्दावर तुळई ठेवल्यासारखं दिसेल आणि खालची अक्षरं दबतील.

आता ‘ड’ चा हिशेब करा, कारण सगळ्यात जास्त कोंडी तिथेच होते. ६८० मधून शिरोरेषेचे १३० गेले, उरले ५५०. ‘ड’ मध्ये शिरोरेषेतून उतरणारी छोटी मान, मग तीन आडवे भाग आणि त्यांच्यामध्ये दोन फटी. मान ६०, आडव्या रेघा १०५, १०५ आणि ११०, फटी ७५ आणि ७५. बेरीज ५३०. वीस युनिट उरतात. म्हणजे ही जाडी जवळजवळ शेवटची आहे. याहून जाड जायचं तर फटी बंद होणार किंवा अक्षराची उंची वाढवावी लागणार. म्हणून मी नेहमी सांगतो की जाडी ‘व’ वरून ठरवू नका, ‘ड’ आणि ‘ह’ वरून ठरवा. ‘व’ ला कितीही जाडी पचते.

अक्षरं काढायचा क्रमही असाच निवडा की एकातून दुसरं निघेल. ‘व’ झाला की ‘ब’ आणि ‘क’ बरेचसे होतात. ‘प’ मधून ‘ष’, ‘फ’. ‘र’ मधून ‘स’, ‘ख’ चा डावा भाग. ‘ट’ मधून ‘ठ’, ‘ढ’, ‘द’. ‘ड’ मधून ‘इ’, ‘ई’, ‘ङ’ आणि बराचसा ‘ह’. ‘म’ आणि ‘भ’ शेजारी ठेवून एकत्रच काढा. कारण पुढे येतंच.

पायरी चौथी : ठोकळे कुठे बसवायचे

रोमन ‘आय’ ला खाली दोन्ही बाजूंनी पाय फुटतात. तसेच पाय देवनागरीच्या प्रत्येक दांड्याला दिले तर काय होतं ते ‘पाणी’, ‘शाळा’, ‘व्यायामशाळा’ असे शब्द लिहून बघा. ‘व्यायामशाळा’ त तर दांडे आणि काने एकामागून एक येतात. सगळ्यांचे पाय एकमेकांना भिडून खाली दुसरी शिरोरेषा तयार होते. वाचणाऱ्याचा डोळा वरच्या रेघेला धरून चालायला शिकलेला असतो. त्याला खाली आणखी एक रेघ दिली की शब्द कुंपणासारखा दिसू लागतो.

पाय पूर्ण काढून टाकले तर मात्र स्लॅबचा भाव जातो. मधला मार्ग असा की पाय फक्त उजवीकडे द्या, ३५ ते ४० युनिटांचा, आणि त्याची उंची आडव्या रेघेइतकी, म्हणजे ११० च्या आसपास. डावीकडे का नाही, तर देवनागरीत बहुतेक अक्षरांचा देह दांड्याच्या डावीकडे असतो. ‘प’, ‘य’, ‘थ’ यांचं पोट, ‘त’ ची आकडी, ‘न’ ची गाठ, सगळं तिकडेच. डावा पाय थेट त्या पोटात घुसतो. उजवीकडे बहुतेक वेळा मोकळी जागा मिळते. सुट्या कान्याला मात्र हा पाय आणखी आखूड ठेवा, कारण त्याच्या पुढे लगेच पुढचं अक्षर येतं.

खरा जोर गाठींवर द्या. ‘म’, ‘न’, ‘भ’, ‘ग’ यांच्या डाव्या बाजूची गाठ पुस्तकी टाइपात छोटं वेटोळं असते. या जाडीत वेटोळ्यातलं भोक टिकत नाही, आणि टिकवायची गरजही नाही. ती भरीव चौकोनी करा : साधारण १७० रुंद, १५० उंच, बाहेरचे कोपरे छाटलेले. एवढं केलं की ‘म’ ला आपोआप स्लॅब येतो, आणि तो मुळातला ‘म’ च राहतो. हे बसायला लागतं तेव्हा मला या कामातला सगळ्यात जास्त आनंद होतो. अक्षर पैलवानासारखं जमिनीला वजन देऊन उभं राहतं आणि उसनं काही वाटत नाही.

‘त’, ‘र’, ‘ट’, ‘द’, ‘ह’ यांची टोकं पेनाने उचलल्यासारखी निमुळती ठेवू नका. ती सपाट कापा, एकतर उभी किंवा आडवी, आणि एकाच फॉन्टमध्ये नियम एकच ठेवा. टोकाला किंचित रुंदी द्यायला हरकत नाही, वीस युनिट फार तर.

शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी शिरोरेषा अक्षराच्या बाहेर ४० युनिट काढली तर शब्दाला खांदे येतात. फॉन्टमध्ये हे संदर्भानुसार बदलणाऱ्या रूपांनी करता येतं. फक्त नाव किंवा बोधचिन्ह करायचं असेल तर हातानेच वाढवा.

कोपरे

४५ अंशात छाटलेला कोपरा हा या शैलीचा प्राण, पण सगळेच कोपरे छाटले की अक्षरं सारखी दिसू लागतात. बाहेरचे कोपरे ५५-६० युनिट छाटा, आतले २०-२५. बाहेरचा आणि आतला छाट सारखा ठेवलात तर वळणावर रेघ जाड होते. शिरोरेषा आणि दांडा मिळतात तो कोपरा कधीही छाटू नका, तो काटकोनच हवा. ‘ठ’, ‘व’, ‘ब’ मध्ये बाहेरचे कोपरे छाटा, तर ‘ड’, ‘ह’, ‘झ’ मध्ये जागा मुळातच कमी असल्याने फक्त डाव्या-उजव्या टोकांचे. ‘क’ च्या उजव्या आकडीला मात्र छाट चांगला शोभतो.

जिथे दोन जाड रेघा तिरप्या मिळतात, जसं ‘स’ मध्ये किंवा ‘अ’ च्या मध्यावर, तिथे काळा डाग जमतो. सांध्यातून वीस-तीस युनिटांची पाचर काढून टाका. मोठ्या आकारात ती दिसते आणि औद्योगिक वळणात ती खटकत नाही.

पायरी पाचवी : गोंधळाच्या जोड्या

‘म’ आणि ‘भ’. ‘घ’ आणि ‘ध’. ‘य’ आणि ‘थ’. या जोड्यांत पहिल्याची शिरोरेषा अखंड असते आणि दुसऱ्याची डावीकडे तुटलेली. नेहमीच्या वजनात वळणाचा फरकही मदत करतो, पण जाड, चौकोनी रूपात तो जवळजवळ पुसला जातो आणि सगळी भिस्त त्या खंडावर येते. म्हणून खंड कमीत कमी ९० युनिटांचा ठेवा, शक्य तर १००. ‘भ’ च्या डाव्या डोक्याला शिरोरेषेपर्यंत चढवू नका, ते थोडं खाली थांबवून छोटी वळी द्या. मग ‘मान-भान’, ‘घार-धार’, ‘घडा-धडा’ छापा, कागद भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन घरातल्या कुणालातरी वाचायला सांगा. अक्षर काढणाऱ्याने स्वतः वाचून उपयोग नाही, त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं.

‘रव’ आणि ‘ख’ हीसुद्धा जुनी अडचण. ‘खो-खो’ लिहायचं असेल तर ‘ख’ चा डावा पाय उजव्या पोटाला खाली स्पष्ट जोडा.

मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ न विसरता काढा. हिंदीकडे झुकलेल्या फॉन्टांत या दोन अक्षरांची रूपं वेगळी असतात आणि मराठी वाचकाला ती लगेच परकी वाटतात. पाकळीच्या ‘ल’ ला दोन पोटं असल्याने तो रुंद होतो. होऊ द्या, त्याला आवळू नका. आकड्यांतही ‘५’ आणि ‘८’ मराठी वळणाचे घ्या. ‘ळ’, ‘ॲ’, ‘ऑ’ पहिल्याच यादीत ठेवा.

पायरी सहावी : मात्रा, वेलांट्या, उकार

शिरोरेषेच्या वर साधारण ३२० युनिटांची जागा ठेवा आणि खाली ३३० ची. वरच्या मात्रांची जाडी दांड्याइतकी नको, ११० पुरे. वेलांटीचा आकडा आणि शिरोरेषा यांच्यामध्ये ७० ची फट राहिलीच पाहिजे, नाहीतर ‘की’ आणि ‘कां’ लांबून सारखेच भासतात. अनुस्वार गोल ठेवू नका. कोपरे छाटलेला चौकोन, १३० बाय १३०, या घराण्यात नीट बसतो.

ऱ्हस्व वेलांटीचं एक खास काम असतं. तिचा आकडा डावीकडून निघून अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचायला हवा. ‘वि’ मध्ये ते अंतर कमी, ‘क्षि’, ‘स्थि’ मध्ये बरंच जास्त. एकाच रुंदीची वेलांटी सगळीकडे वापरली तर अर्धे शब्द लंगडतात. चार-पाच रुंद्यांच्या वेलांट्या काढा आणि फॉन्टमध्ये अक्षराच्या रुंदीप्रमाणे त्या बदलतील अशी सोय करा.

रफार आणि अनुस्वार एकत्र येतात तिथली जागा तपासायला ‘सर्वांगीण’ आणि ‘वर्षं’ लिहा. उकारांसाठी ‘कुस्ती’, ‘पुणे’, ‘पिंपळे गुरव’ असं काहीही. ‘रु’, ‘रू’, ‘हृ’, ‘शृ’ यांची रूपं वेगळी काढावी लागतात.

पायरी सातवी : जोडाक्षरं

इथे सर्वाधिक वेळ जातो, जायलाच हवा. ‘कबड्डी’ हा शब्दच बघा. ‘ड्ड’ खाली एक असा रचायचा तर दोन पूर्ण ‘ड’ मावत नाहीत. वरच्या ‘ड’ ची शेवटची आडवी रेघ हीच खालच्या ‘ड’ ची सुरुवात करा, रेघा ८५ वर आणा, फटी ५५ वर, आणि खालची जागा उणे ३३० पर्यंत वापरा. इथे सत्तरचा नियम मोडतो, पण अख्खा शब्द काळा दिसण्यापेक्षा एका जोडाक्षराने थोडं हलकं होणं परवडतं. लहान आकारासाठी पाय मोडलेला ‘ड्‌’ आणि शेजारी पूर्ण ‘ड’ असं दुसरं रूपही फॉन्टमध्ये ठेवा.

आडवी जोडाक्षरं सोपी. दांडा काढून टाकला की ‘स्त’, ‘ल्ल’, ‘व्य’, ‘न्य’ उभे राहतात. फक्त दांडा गेल्यावर उरलेला तुकडा पुढच्या अक्षराला किती टेकवायचा ते प्रत्येक जोडीत बघा. ‘मल्लखांब’ मधला अर्धा ‘ल’ पूर्ण ‘ल’ च्या पोटात शिरता कामा नये. ‘द्य’, ‘द्ध’, ‘द्व’ यांना वेगळं रेखाटन लागतं, आणि ‘विद्यार्थी’, ‘औद्योगिक’, ‘युद्ध’ हे शब्द रोजचे आहेत. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’, ‘त्र’, ‘क्त’ हवेतच. ‘महाराष्ट्र’ साठी ‘ष्ट्र’. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ साठी चंद्रकोरीसारखा र. हा र मराठी फॉन्टात नसला तर तो फॉन्ट मराठीचा म्हणवत नाही. जाड वळणात त्याला छाटलेल्या कोपऱ्याचं रूप द्या, बाकी तो लहानच ठेवा.

आकडे या सगळ्या मानाने सुखाचे. त्यांना शिरोरेषा नसते, म्हणून ठोकळे मोकळेपणाने देता येतात : ‘१’ च्या शेपटीला, ‘४’ च्या टोकांना, ‘७’ च्या टोकाला. उंची पूर्ण ६८० ठेवा आणि सगळ्यांची रुंदी सारखी. ‘१’ आणि ‘९’ लांबून एकमेकांसारखे दिसतात, तेव्हा ‘१’ चं भोक उघडं, चौकोनी आणि मोठं ठेवा. इंग्रजी आकडेही त्याच उंचीचे काढून ठेवा, स्पर्धांत बहुधा तेच मागतात.

पायरी आठवी : अंतर आणि फाइल

रोमनमध्ये दोन अक्षरांमधलं अंतर म्हणजे रिकामी जागा. आपल्याकडे वर रेघ जोडलेली असते, त्यामुळे अंतर फक्त शिरोरेषेच्या खाली दिसतं. शिरोरेषा दोन्ही बाजूंना अक्षराच्या मापाबाहेर १० युनिट जाऊ द्या, म्हणजे पडद्यावर सांध्यात केसासारखी पांढरी रेघ दिसत नाही. दांड्यापासून पुढच्या अक्षराच्या पोटापर्यंतचं अंतर पोटातल्या फटींच्या जवळपास, ७० ते ९०, ठेवा. फटी ७५ आणि अक्षरांमध्ये १५० असलं की शब्द तुटक वाटतो.

फाइलसाठी ‘ग्लिफ्स’ वापरलंत तर अक्षरांना त्याच्या पद्धतीची नावं दिल्यावर देवनागरीची बरीचशी ओपनटाइप जोडणी, म्हणजे अक्षरांची रूपं बदलण्या-जोडण्याचे फॉन्टमधले नियम, ते स्वतः तयार करतं. ते मॅकवर चालतं आणि विकत घ्यावं लागतं. ‘फॉन्टफोर्ज’ मोफत आहे, मात्र जोडणी हाताने लिहावी लागते. युनिकोडमध्ये देवनागरीचा गट १२८ जागांचा आहे, पण तेवढी अक्षरं काढून भागत नाही. अर्धी रूपं, रफार, जोडाक्षरं, रुंद वेलांट्या या सगळ्यांना युनिकोड क्रमांक नसतो, त्या ओपनटाइपच्या नियमांनी पुढे येतात. पडद्यावर ‘कि’ लिहिताना वेलांटी नंतर टाइप होते आणि दिसते आधी. ती जागा शेपिंग इंजिन, म्हणजे प्रोग्रॅममधला अक्षरं लावणारा भाग, बदलतं, ते तुम्ही करायचं नाही. वर सांगितलेली जागा लक्षात घेऊन फाइलमधली वरची हद्द १०२० आणि खालची उणे ३५० द्या, नाहीतर काही प्रोग्रॅम मात्रांची डोकी उडवतात.

पायरी नववी : दुकानात नेण्याआधी

अप्पा बळवंत चौकात किंवा कुठल्याही फ्लेक्स-जर्सीवाल्याकडे गेलात तर बहुधा कोरलड्रॉ उघडलेलं असेल आणि मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेला असेल. तुमचा युनिकोड फॉन्ट तिथे नीट चालेल असं धरून चालू नका. शब्द घरीच लावा, कर्व्ह करा, म्हणजे मजकुराचं रेखाकृतीत रूपांतर करा, आणि पीडीएफ द्या. इनडिझाइनमध्ये लावत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला आहे ना ते बघा, नाहीतर जोडाक्षरं सुटतात.

कर्व्ह केल्यावर एक काम नक्की करा : अक्षरं एकमेकांत वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. शिरोरेषा आपण मुद्दाम एकावर एक चढवली आहे. छापताना ते कळत नाही, पण कटिंग प्लॉटर प्रत्येक कड कापतो. वेल्ड केलं नाही तर व्हिनाइलवर शिरोरेषा प्रत्येक सांध्यात कापली जाते आणि हीट प्रेसनंतर दोन-चार धुण्यांत तुकडे उचलायला लागतात.

आकाराचा हिशेबही इथेच करा. अक्षराची उंची ६ इंच असेल तर ७० युनिटांची फट सुमारे १६ मिलिमीटर होते, काहीच अडचण नाही. १ इंचाला ती २.६ मिलिमीटर. अर्ध्या इंचाला १.३ मिलिमीटर, आणि एवढ्या फटीतलं व्हिनाइल चिमट्याने काढताना कारागिराचा जीव जातो. तेवढं लहान नाव हवं असेल तर पॉलिएस्टरवर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाई कापडात उतरवणारी छपाई, करा. भरतकामात मात्र रुंद दांडा एकाच लांब टाक्याने भरू देऊ नका, टाके सैल पडतात आणि अडकतात.

स्टेन्सिल करायचं असेल, भोसरी-चाकणकडे पेट्यांवर आणि यंत्रांवर ते अजून लागतं, तर बंद पोटांना धरून ठेवणारे पूल लागतात. देवनागरीत पूल कुठे ठेवायचा याचा एक नियम मी कधी मोडू देत नाही : शिरोरेषेच्या डाव्या भागात पूल नको. तिथे खंड पडला की ‘म’ चा ‘भ’ होतो, ‘घ’ चा ‘ध’, ‘य’ चा ‘थ’. पूल पोटाच्या खालच्या रेघेत, दांड्याला लागून ठेवा. ओतकामासाठी अक्षरं द्यायची असतील तर उभ्या कडांना थोडा उतार लागतो, म्हणजे पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) वाळूतून सुटताना वाळू तुटत नाही. अरुंद फटींतली वाळूच आधी ढासळते, म्हणून तिथे फटी शंभरच्या पुढे न्या आणि गाठींचे आतले कोपरे गोल करा.

परवाना

शेवटचं, आणि हे नंतर करू म्हणून राहून जातं. दुसऱ्याचा ओपन फॉन्ट लायसन्स (ओएफएल) या मुक्त परवान्याचा फॉन्ट घेऊन त्यात बदल केला असेल तर तुमचा फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि मूळ नाव राखीव असेल तर ते वापरता येत नाही. सगळी अक्षरं स्वतः काढली असतील तर परवाना तुम्ही ठरवा, पण फाइलमध्ये तो लिहा, आवृत्तीचा क्रमांक टाका आणि मंडळाला किंवा संघाला देताना दोन गोष्टी वेगवेगळ्या द्या : टाइप करायचा फॉन्ट, आणि वेल्ड केलेलं त्यांचं नाव. दुकानदाराकडे यातली दुसरी, वेल्ड केलेली फाइलच जायला हवी.